स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये आपल्या बार्ड (गाणारा भाट) पात्राला गाण्याऐवजी गोष्ट सांगायला लावता येईल का?

हो, येईल. गेम बनवणाऱ्या बेथेस्डाचं क्रिएशन किट, म्हणजे गेममध्ये बदल करायचं साधन, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट मिळतं, त्यात हे सगळं बसतं. मॉडिंगमध्ये, म्हणजे गेममध्ये असे बदल करण्यात, हात घातलेला असल्याने सांगतो, अॅनिमेशनवर डोकं फोडू नका, गोष्टीची बांधणी महत्त्वाची. या गेममध्ये खेळाडूच्या पात्राच्या संवादांना आवाजच नाही, त्यामुळे लांबलचक निवेदन रटाळ होतं. त्याऐवजी गोष्ट संवादाच्या पर्यायांत तोडा: "ड्रॅगन बुरुजावर उतरला..." हे एक वाक्य तुम्ही निवडायचं, मग सराईतला कोणीतरी विचारणार, "आणि पहारेकरी?" पुढचे दोन पर्याय म्हणजे एक खरं, एक तिखटमीठ लावलेलं. श्रोत्यांनी थाप पकडली तर बक्षिसी कमी. खरी गंमत इथेच आहे.

बाकी कामं किरकोळ:
- गेटस्टेज (मोहीम कोणत्या टप्प्यावर आहे ते तपासणारी) ही अट लावा, म्हणजे पात्राने खरोखर पूर्ण केलेल्या मोहिमेचीच गोष्ट यादीत येईल.
- टाळ्यांची अॅनिमेशन्स गेममध्ये आधीच आहेत, तीच वापरा.
- सोन्याची नाणी देण्यासाठी पॅपिरस या गेमच्या स्क्रिप्ट-भाषेतली छोटी स्क्रिप्ट पुरते.

एक अडचण मात्र आहे. श्रोत्यांच्या वाक्यांना ध्वनिफीत नसेल तर ती डोळ्यांसमोरून सर्रकन निघून जातात. पीसीवर 'फझ रो डोह' हे मॉड वाक्याच्या लांबीप्रमाणे ती थांबवून धरतं, पण त्याला स्क्रिप्ट एक्स्टेंडर (गेमच्या स्क्रिप्टची क्षमता वाढवणारा वेगळा प्रोग्राम) लागतो आणि तो कन्सोलवर चालत नाही. एक्सबॉक्ससाठी करत असाल तर प्रत्येक वाक्याला कोऱ्या शांततेची फाइल स्वतःच जोडावी लागेल.