प्लेग, मानमोडी आणि कोरोना: साथीत खेडी शहरांपेक्षा सुरक्षित असतात का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. जुन्या साथींशी कोरोनाची तुलना केली तर खेड्यात माणसं कमी दगावली असं म्हणता येतं का, आणि आपल्या गावापुरतं हे तपासायचं कसं.

पहिल्याचं उत्तर: सरसकट तसं म्हणता येत नाही. प्लेगात खेड्याला पळायला जागा होती, 1918 च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, पळून उपयोगच नव्हता आणि कोरोनात आकडेच चकवा देतात. कुठल्याही साथीत आधी एकच गोष्ट बघा: आजारी माणूस कुठून कुठं गेला? ते कळल्याशिवाय गाव-शहर तुलना फुकट आहे.

प्लेग मुंबईत सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत सापडला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर रिकामं झालं. गिरणी कामगार बोटीनं रत्नागिरीकडं, रेल्वेनं घाटावर गेले आणि रोगही त्यांच्याबरोबर निघाला. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरावरच्या पिसवांतून येतो. उंदीर मेला की थंड पडलेलं अंग सोडून पिसवा माणसाकडं वळतात. म्हणजे धोका घरात असतो. खेड्यातल्या लोकांनी पिसवांचं शास्त्र कळण्याआधीच हे अनुभवानं ओळखलं होतं: उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर खोपटी घालायची. हा उपाय खरोखर चालायचा. फसायचा तो धान्याच्या पोत्यांमुळं, कारण पोत्यांतून उंदीर आणि पिसवा दोन्ही रानात पोचायच्या.

शहरात चाळकऱ्याला माळ कुठला? तिथं गटारं धुणं, कार्बोलिक ॲसिड, कौलं काढून घरात ऊन घेणं असे उपाय झाले. पुण्यात 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घरात घुसून रोगी शोधू लागले, तसे लोक रोगी लपवू लागले. म्हणून त्या काळचे शहरी आकडेही पूर्ण मानू नका. (2020 मध्ये हातावर विलगीकरणाचा शिक्का बसेल म्हणून ताप लपवणारी माणसं आपण पाहिलीच. साथरोग कायदाही तोच होता, 1897 चा.)

1918 ची साथ म्हणजे आपल्याकडची मानमोडी. जून महिन्यात ती मुंबईच्या गोदीपाशी दिसली आणि पहिली लाट तुलनेनं सौम्य गेली. सप्टेंबरची दुसरी लाट जीवघेणी होती. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत ताप येतो, त्यामुळं गाडीत बसताना धडधाकट असलेला माणूस गावी उतरून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायचा. रोग श्वासातून पसरत असल्यानं माळावर जाऊन सुटका नव्हती.

खेड्यात माणसं इतकी का मेली, याचं उत्तर फक्त विषाणूत नाही. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, खरीप बुडालं, धान्य महागलं. त्यात अख्खं घर एकदम आडवं झालं की पाणी भरायला, पेज करायला कोणी उरत नसे. 20 ते 40 वयाची माणसं जास्त गेली, त्यातही बाया. मध्य प्रांत-वऱ्हाड आणि मुंबई इलाखा यांना देशात सर्वाधिक फटका बसला. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा ते पावणेदोन कोटींचे आहेत. 1911 ते 1921 हे जनगणनेतलं एकच दशक, ज्यात देशाची लोकसंख्या घटली. शहरही एकसारखं नव्हतं. मुंबईत 'खालच्या' म्हणून नोंदलेल्या जातींत हजारी 61.6 मृत्यू, तर युरोपियनांत 8.3. मला विचाराल तर गाव की शहर यापेक्षा हा फरक जास्त बोलका आहे.

कोरोनात साथ पुन्हा शहरातूनच सुरू झाली. राज्यातले पहिले रुग्ण 9 मार्च 2020 ला पुण्यात सापडले. गावांनी रस्त्यावर काट्या टाकून गावबंदी केली, मुंबई-पुण्याहून आलेल्यांना झेडपीच्या शाळेत ठेवलं. पहिल्या लाटेत याचा उपयोग झाला. मुंबईत जुलै 2020 च्या रक्ततपासणीत, तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत 16 टक्के. दुसरी लाट मात्र फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीकडं वर आली आणि खेड्यांत शिरली. प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 लोकांमागं एक, आदिवासी-डोंगरी भागात 20,000 मागं एक, हे मुळात कागदावरचं प्रमाण. ताप आला की आधी विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) करून टायफॉईडचे सलाईन, चार-पाच दिवस त्यात जायचे. ऑक्सिजन 94 च्या खाली गेल्यावर बेडसाठी धावाधाव.

चकवा इथंच आहे. 1897 आणि 1918 मध्ये आजारी माणूस शहरातून गावी येऊन मरत होता, 2021 मध्ये गावातून शहराच्या दवाखान्यात जाऊन मरत होता. 1969 च्या कायद्यानं मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, राहत्या गावी नाही. म्हणून 2021 ची ग्रामपंचायतीची नोंदवही गावाचं नुकसान कमी दाखवते, तर 1918 चं कोतवाल पुस्तक (गावाची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही) मुंबईहून परतलेल्यांचे मृत्यूही गावाच्या खात्यात टाकतं.

आता तपासणी. 1918 साठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल पुस्तक, मागा. लिपी मोडी असण्याची शक्यता धरून वाचणारा सोबत ठेवा. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यावर विसंबू नका: तिथं पटकी (कॉलरा), देवी, प्लेग, हगवण यांशिवायचं जवळजवळ सगळं 'ताप' म्हणून असतं. त्याऐवजी जादा मृत्यू काढा. समजा 1913 ते 1917 मध्ये सप्टेंबर-डिसेंबर या चार महिन्यांत गावात 9, 11, 8, 12, 10 मृत्यू झाले. सरासरी 10. 1918 च्या त्याच महिन्यांत 58 असतील तर जादा 48. लोकसंख्या 900 असेल तर हजारी 53.

पाचांपैकी एखादं वर्ष प्लेगचं असेल तर ते गाळा, नाहीतर सरासरी फुगते आणि मानमोडी लहान दिसते. ऑक्टोबरची पानं विरळ आणि पुढच्या महिन्यांत एकदम गर्दी असेल तर घाबरू नका. नोंद करणारेही आजारी असत, त्यामुळं नोंदी मागाहून चढत. चार महिने एकत्र धरायचे ते यासाठीच. तान्ह्या मुलांची, विशेषतः मुलींची नोंद सुटलेली असते.

कोरोनासाठी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून 2015 ते 2019 ची एप्रिल-जूनची सरासरी घ्या, 2021 च्या त्याच महिन्यांशी ताडा. मग आशाताई आणि पोलीस पाटलांसोबत घरोघर यादी करून बाहेरगावी वारलेल्यांची भर घाला. तीच भर आधीच्या वर्षांनाही घालावी लागेल, नाहीतर तुलना तिरकी होते.

एकट्या लहान गावाचा आकडा योगायोगानंही वरखाली होतो, म्हणून शेजारची दहा-बारा गावं एकत्र घ्या. भागायला 1918 साठी 1911 च्या जनगणनेतली गाववार लोकसंख्या घ्या. 2021 ला जनगणना झालीच नाही, त्यामुळं कोरोनासाठी 2011 चीच घ्यावी लागेल आणि गावातून लोक कामाला बाहेर गेले असतील तर दर थोडा कमी दिसेल.