रोगाचं निर्मूलन झालं, मग रुग्ण शोधायचे कशाला?

प्रश्न असा आला आहे: 'एका देशाने खुपरी या डोळ्यांच्या संसर्गजन्य रोगाचे निर्मूलन केले आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, अशी बातमी वाचली. त्याच बातमीत पुढे, तिथे रुग्ण शोधण्याचे काम चालूच राहणार असेही लिहिले होते. निर्मूलन म्हणजे मुळापासून नाहीसे करणे ना? मग शोधायचे कुणाला? शिवाय कुठे निर्मूलन, कुठे दूरीकरण, कुठे उच्चाटन असे शब्द दिसतात. ते समानार्थी आहेत का?'

बातमी खरी असणार, शब्द मात्र चुकला आहे. रोजच्या बोलण्यात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालून जातात. पण कोणता देश आरोग्याच्या उद्दिष्टांच्या किती जवळ पोहोचला हे मोजायचं असतं, तिथे यातल्या प्रत्येक कल्पनेची व्याख्या ठरलेली आहे आणि व्याख्येला आकडा जोडलेला आहे. मराठीत आपण या सगळ्यांवर 'निर्मूलन' हे एकच पांघरूण घालतो, म्हणून तुम्हाला पडला तो प्रश्न पडतो.

आधी निर्मूलन घेऊ. निर् आणि मूल, म्हणजे मूळच उरू न देणं. अर्थ इतका स्वच्छ असूनही मराठीत या शब्दाला एक वेगळं वळण लागलं आहे. जातिनिर्मूलन, अस्पृश्यता निर्मूलन, दारिद्र्य निर्मूलन, अंधश्रद्धा निर्मूलन. हा शब्द आपल्याकडे चळवळींतून आणि सरकारी योजनांतून रुजला आणि तिथे तो चालू असलेल्या कामाचं नाव आहे. दारिद्र्य निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू आहे याचा अर्थच दारिद्र्य अजून आहे. व्याकरणाच्या दृष्टीनेही यात काही वावगं नाही. लेखन, पठन, खंडन यांसारखंच हे क्रियेचं नाव आहे आणि क्रिया अर्धवट असू शकते. आरोग्याच्या मोजमापात मात्र हा शब्द क्रियेचं नव्हे, तर तपासून शिक्का मारलेल्या फळाचं नाव म्हणून येतो. एकाच शब्दाकडून आपण प्रयत्न आणि निकाल अशी दोन्ही कामं करून घेतो. 'हिवताप निर्मूलन' ही अक्षरं वाचून तो कार्यक्रम आहे की यश, हे सांगता येत नाही.

मोजणाऱ्यांनी या पायऱ्या कशा लावल्या आहेत ते पाहू. १९९७ मध्ये बर्लिनला शास्त्रज्ञांची एक कार्यशाळा झाली. तिथे या संज्ञांची मांडणी झाली आणि थोड्याफार फरकाने तीच अजून वापरात आहे. पहिली पायरी नियंत्रण: रोगाचं प्रमाण त्या ठिकाणी सोसण्याजोग्या पातळीवर आणायचं. त्यानंतर एखाद्या ठरावीक भूभागात रोग, किंवा त्यापुढे जाऊन संसर्गच, शून्यावर आणायचा. इथे अट अशी की प्रयत्न थांबवायचे नाहीत. त्यानंतर साऱ्या जगात तो संसर्ग कायमचा शून्य, इतका की प्रयत्नांची गरजच उरत नाही. आणि शेवटची पायरी म्हणजे तो जंतू निसर्गात नाही, तसाच प्रयोगशाळेतही नाही.

'निर्मूलन' हा शब्द यातल्या साऱ्या जगाच्या पायरीसाठीच राखून ठेवावा असं माझं ठाम मत आहे. तिथे तो शब्दशः बसतो. इंग्रजीत या पायरीला इरॅडिकेशन म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटातही लॅटिनमधला 'मूळ' याच अर्थाचा शब्द आहे. ही पायरी आजवर फक्त दोन रोगांच्या बाबतीत गाठता आली आहे. माणसांतली देवी, जिची घोषणा १९८० मध्ये झाली, आणि गुराढोरांमधली बुळकांडी, जिची घोषणा २०११ मध्ये झाली. देवीची लस आज बाळांना दिली जात नाही, कारण द्यायची गरज नाही. निर्मूलनाची खरी खूण हीच: हत्यार खाली ठेवता येतं.

शेवटच्या पायरीसाठी तर मराठीत फार सुंदर शब्द तयार आहे. नामशेष. ज्याचं फक्त नाव उरलं ते. देवीचं निर्मूलन झालं, पण देवीचा विषाणू नामशेष झालेला नाही. अमेरिकेतल्या आणि रशियातल्या एकेका प्रयोगशाळेत तो कडेकोट बंदोबस्तात जपून ठेवलेला आहे. 'देवी नामशेष झाली' असं वाक्य लिहिताना हा फरक ध्यानात ठेवायला हवा.

आता मधली पायरी, सगळा घोळ जिथे होतो ती. इंग्रजीत तिला एलिमिनेशन म्हणतात. महाराष्ट्रातल्या आरोग्य खात्याच्या कागदपत्रांत तिच्यासाठी 'दूरीकरण' हा शब्द बराच रुळला आहे. क्षयरोग दूरीकरण, हत्तीरोग दूरीकरण असे फलक तुम्ही पाहिले असतील. कानाला तो जरा कोरडा लागतो, पण नेमका आहे. दूर केलेली गोष्ट नष्ट झालेली नसते, ती परत येऊ शकते. या पायरीचं मर्म तेवढंच आहे.

हिवतापाचं उदाहरण घ्या. सलग तीन वर्षं देशाच्या हद्दीत डासांमार्फत एकालाही लागण झाली नाही, हे पुराव्यानिशी दाखवलं आणि लागण पुन्हा सुरू होऊ नये अशी व्यवस्था उभी आहे हेही दाखवलं, तर जागतिक आरोग्य संघटना त्या देशाला प्रमाणपत्र देते. बाहेरून हिवताप घेऊन आलेला प्रवासी या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे प्रमाणपत्र मिळालेल्या देशातही हिवतापाचे रुग्ण सापडतात आणि त्यात विसंगती नाही. श्रीलंकेला हे प्रमाणपत्र २०१६ मध्ये मिळालं, चीनला २०२१ मध्ये. पण श्रीलंकेची आधीची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९६३ मध्ये त्या देशात हिवतापाचे अवघे १७ रुग्ण नोंदले गेले होते. फवारणी आणि पाळत सैलावली आणि १९६८-६९ मध्ये रुग्णांची संख्या काही लाखांवर गेली. त्या काळातल्या जागतिक मोहिमेचं नाव होतं हिवतापाचं निर्मूलन. १९५५ मध्ये सुरू झालेलं ते धोरण १९६९ मध्ये गुंडाळावं लागलं. ज्या कामाला 'दूर ठेवणं' म्हणायला हवं होतं, त्याला 'मुळापासून उपटणं' म्हटलं की मोहीम संपल्यावर पाळतही संपते. नाव बरोबर असतं तर साथ आली नसती, इतका भाबडा दावा मी करणार नाही. पण पैसे देणाऱ्यांच्या आणि धोरण आखणाऱ्यांच्या मनात शब्दच घर करतात, हे नाकारता येत नाही.

गोवराच्या बाबतीत तर हा दर्जा दिलेला काढूनही घेतला जातो. ब्रिटनला गोवराच्या दूरीकरणाची मान्यता मिळाली होती, ती २०१९ मध्ये गेली. ब्राझीलचीही त्याच वर्षी गेली. 'निर्मूलन रद्द झालं' हे मराठीत वाचायलाच विचित्र वाटतं. उपटलेलं मूळ परत कसं चिकटणार? 'दूरीकरणाचा दर्जा गेला' हे मात्र सहज कळतं.

तुमच्या बातमीतली खुपरी आणखी निराळ्या खोलीत बसते. तिच्यासाठीचं पूर्ण वाक्य आहे 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूरीकरण'. लांबलचक आहे, पण त्यातला 'समस्या म्हणून' हा तुकडा गाळला की अर्थच बदलतो. इथे शून्याची अटच नाही. १ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये सक्रिय खुपरीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असावं, तिच्यामुळे पापण्यांचे केस आत वळलेले पण आरोग्ययंत्रणेला माहीत नसलेले रुग्ण ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असावेत, आणि असे नवे रुग्ण शोधून उपचार करण्याची सोय असावी, अशा अटी आहेत. म्हणजे रुग्ण शोधत राहणं ही मान्यतेचीच अट आहे. तुम्हाला खटकलेलं वाक्य मान्यतेच्या विरोधात नव्हतं, तिचाच भाग होतं. बातमीत 'खुपरी ठरवून दिलेल्या मर्यादेखाली आली' एवढं लिहिलं असतं तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

धनुर्वाताकडे पाहिलं तर 'मर्यादेखाली' म्हणणं का भाग आहे ते कळतं. त्याच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात, जनावरांच्या विष्ठेत असतात. ते जगातून काढून टाकणं शक्य नाही, तेव्हा निर्मूलनाची भाषाच इथे लागू पडत नाही. म्हणून नवजात बाळांच्या धनुर्वातासाठी मर्यादा ठरवली: दर हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, आणि तेही देशाच्या प्रत्येक जिल्ह्यात. 'प्रत्येक जिल्ह्यात' हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. देशाची सरासरी धरली असती तर चांगल्या जिल्ह्यांच्या आड वाईट जिल्हे लपले असते.

सरासरीची आणि नोंदीची ही अडचण कुष्ठरोगात सर्वांत जास्त दिसली. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ठरवलं की २००० सालापर्यंत कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूर करायचा. मर्यादा होती दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. पण रुग्ण म्हणजे कोण? उपचाराखाली नोंद असलेला. उपचार संपला की नाव नोंदवहीतून जातं. नव्वदच्या दशकात जास्त जंतू असलेल्या प्रकाराचा औषधोपचार २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आला. आता साधं गणित करा. दरवर्षी तितकेच नवे रुग्ण येत राहिले आणि प्रत्येकाचं नाव नोंदवहीत निम्मा काळच राहिलं, तर एकाही माणसाची लागण न टळता नोंदवहीतला आकडा निम्म्यावर येतो. बहुविध औषधोपचाराने लक्षावधी माणसं खरोखर बरी झाली, त्यात शंका नाही. पण जगाने मर्यादा गाठल्याचं जाहीर केल्यानंतरही कित्येक वर्षं दरवर्षी सुमारे दोन लाख नवे रुग्ण सापडत राहिले. ज्याच्या हाताची संवेदना गेली, त्याला 'हा रोग तर संपला' असं ऐकवणारा शब्द आपण वापरत होतो, याची मला मनापासून खंत वाटते. आता कुष्ठरोगासाठी लक्ष्य बदललं आहे, लागण थांबवण्याचं, आणि त्या अर्थाने मान्यता मिळवणारा पहिला देश जॉर्डन ठरला, २०२४ मध्ये.

या शब्दांवर देशांची गणतीही होते. खुपरी, कुष्ठरोग, हत्तीरोग यांसारख्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांसाठीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आराखड्यात २०३० पर्यंत १०० देशांनी अशा किमान एका रोगाचं दूरीकरण करावं असं लक्ष्य आहे. पिण्याच्या पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या नारू या जंताचं मात्र त्याच आराखड्यात जगातून निर्मूलन करायचं आहे. १९८० च्या दशकात वर्षाला लाखोंनी आढळणारे नारूचे रुग्ण आता मोजके उरले आहेत, लस नाही, औषध नाही, मुख्यतः पाणी गाळून पिणं आणि रुग्णाला पाणवठ्यापासून दूर ठेवणं यांच्या बळावर. तरी तो जंत कुत्र्यांमध्ये सापडू लागल्याने शेवटचं पाऊल अडलं आहे. एकाच कागदावर हे दोन शब्द असे वेगळे वापरलेले असताना भाषांतरात दोन्हीकडे निर्मूलन लिहिलं, तर लक्ष्यच बदलतं.

क्षयरोगाचं तर आणखी वेगळं. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत क्षयरोगाची 'साथ संपवणे' असं म्हटलं आहे, रोग संपवणे असं नाही. त्यासाठीच्या जागतिक धोरणात २०३५ पर्यंत क्षयरोगाने होणारे मृत्यू २०१५ च्या तुलनेत ९५ टक्क्यांनी आणि नव्या रुग्णांचं प्रमाण ९० टक्क्यांनी कमी करायचं आहे. दूरीकरणाची व्याख्या त्याच्या कितीतरी पुढे आहे: दहा लाख लोकांमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण. मथळ्यात 'क्षयरोग संपणार' आलं की 'साथ' हा शब्द गळालेला असतो.

उरला उच्चाटन. व्युत्पत्तीने पाहिलं तर मधल्या पायरीसाठी हाच शब्द सर्वांत चपखल ठरला असता. तंत्रमार्गात षट्कर्मं सांगितली आहेत, त्यांत उच्चाटन म्हणजे माणसाला त्याच्या जागेवरून हुसकून लावणं. ठार करण्याला मारण हा वेगळा शब्द आहे. गंमत अशी की एलिमिनेशनच्या मुळाशीही उंबरठ्याबाहेर घालवणं हाच अर्थ आहे. पण आजच्या मराठी वाचकाला उच्चाटन हा निर्मूलनाहूनही जहाल वाटतो, 'समूळ उच्चाटन' हा जोडशब्द तर भाषणांनी तोंडपाठ करून टाकला आहे. म्हणून मोजमापाच्या मजकुरात मी तो टाळतो.

'मुक्त' मात्र जरूर वापरावा, जपून. 'श्रीलंका हिवतापमुक्त झाला' या वाक्यात गुण देशाला चिकटतो, आणि खरी गोष्टही देशापुरतीच असते. 'हिवतापाचे निर्मूलन झाले' यात रोगच संपल्याचा भास होतो. पण जिथे लागण शून्य आहे तिथेच 'मुक्त' लिहावं. वाळूमाशीमुळे पसरणारा काळा आजार दहा हजार लोकांमागे एका रुग्णाच्या खाली आला म्हणून देशाला काळा आजारमुक्त म्हणू नये. तिथे आपला साधा 'मर्यादेखाली' पुरतो.

जाता जाता, लिहिण्याबद्दल. फलकांवर 'दुरीकरण' आणि 'दूरीकरण' दोन्ही दिसतं. मूळ शब्द दूर, त्यात दू दीर्घ. शुद्ध-शुद्धीकरण, सम-समीकरण यांसारखीच घडण असलेला हा तत्सम शब्द आहे, तेव्हा दूरीकरण हेच बरोबर.