मुलाला मागे खेळवतात म्हणून क्लब बदलू नका. आधी ली कीगनचे सामने दाखवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या घरातली दहा वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. तुमचा नऊ वर्षांचा मुलगा, आयर्लंडच्या, हातापायांनी खेळायच्या गेलिक फुटबॉलच्या क्लबात नुकताच घातलेला. कोच त्याला कायम मागेच उभं करतो, गोल मारायला मिळत नाही म्हणून तो रडत घरी येतो. क्लब बदलावा का आणि या खेळात मागे खेळणाऱ्याचं पुढे काही होतं का, असं तुम्ही विचारलंय. माझा मोठा सहा वर्षं कॉर्नर बॅक, म्हणजे अगदी मागच्या कोपऱ्यातला बचावपटू, म्हणून खेळला, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच बोलणार आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण आपण भारतातून येताना डोक्यात साधा फुटबॉल घेऊन येतो. गेलिक फुटबॉलमध्ये ऑफसाइड नाही. त्यामुळे बचावपटूंना एका रेषेत उभं राहून समोरच्याला सापळ्यात पकडता येत नाही. इथे माणूस धरावा लागतो. तो जाईल तिथे जायचं, तो वळला की वळायचं, आणि हे सगळं सत्तर मिनिटं. कबड्डीत कोपरारक्षक चढाई करणाऱ्याच्या पायांवर नजर खिळवून असतो ना, तसंच काहीसं. फक्त मैदान साधारण १४० मीटर लांब. आणि चेंडू मिळाला की हाच गडी पुढे धावतो. ५, ६ आणि ७ नंबरची जर्सी घालणारे हाफ बॅक, म्हणजे बचावाची पुढची फळी, तर अर्धा वेळ समोरच्याच्या गोलजवळ दिसतात.

आता ली कीगन, असाच एक हाफ बॅक. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेयो काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) वेस्टपोर्ट हे त्याचं गाव, क्रो पॅट्रिक डोंगराच्या सावलीतलं. २०११ साली तो मेयोच्या सीनियर संघात आला आणि जानेवारी २०२३ मध्ये थांबला. या खेळात खेळाडूंची खरेदी-विक्री नाही, खेळायचं ते आपल्या काउंटीसाठी आणि तेही पगाराशिवाय. नोकरी सांभाळून, आठवड्यातल्या संध्याकाळी सराव करून. मेयोने ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधली देशपातळीवरची स्पर्धा, शेवटची जिंकली १९५१ मध्ये. तेव्हापासून ते विजेत्याला मिळणाऱ्या सॅम मॅग्वायर चषकाची वाट बघताहेत, आणि ती वाट बघणं तिथे घराघरात वारशासारखं चालत आलंय.

कीगन सहा वेगवेगळ्या वर्षी अंतिम फेरीत खेळला: २०१२, २०१३, २०१६, २०१७, २०२० आणि २०२१. सहाही वेळा हार. त्यातल्या तीन तर डब्लिनकडून एकेका गुणाने. त्या सामन्यांच्या वेळी गोल म्हणजे तीन गुण आणि गोलच्या आडव्या दांडीवरून मारला की एक, असा हिशेब होता. २०१६ चा सामना आधी बरोबरीत सुटला, म्हणून १ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला गेला: डब्लिन १-१५, मेयो १-१४ (आधी गोल, मग दांडीवरचे गुण). म्हणजे १८ विरुद्ध १७.

हाच सामना मुलाला दाखवा. डब्लिनच्या डिअरमुड कॉनलीला धरायचं काम कीगनकडे होतं. कॉनली म्हणजे उंचापुरा, दोन्ही पायांनी मारणारा, त्याच्या दिवशी कोणाला न आवरणारा. त्या दोघांचं द्वंद्व इतकं गाजलं होतं की फेरसामन्याआधी वर्तमानपत्रांत चर्चा चालू होती ती कीगन नियमात बसून धरतो की नाही याची. आणि त्या दिवशी पहिल्या हाफमध्ये कीगनने काय केलं? आपला माणूस मागे सोडून थेट पुढे घुसला आणि स्टीफन क्लक्स्टनसारख्या गोलरक्षकाला चकवून गोल केला. बचावपटूने! मी तो सामना क्लबच्या हॉलमध्ये बघत होतो. बाजूला डब्लिनचे आजोबा बसले होते, तेही उभे राहिले.

पण मध्यंतराच्या सुमारास त्याच कीगनला कॉनलीला खाली ओढल्याबद्दल काळं कार्ड मिळालं. त्या काळच्या नियमाप्रमाणे काळं कार्ड म्हणजे उरलेला सामना बाहेर, जागी बदली खेळाडू. माझं स्पष्ट मत आहे की सामना तिथे फिरला. कॉनली मोकळा झाला, आणि दुसऱ्या हाफमध्ये पेनल्टीवर डब्लिनचा गोल मारला तो त्यानेच. एका माणसाला धरून ठेवण्याची किंमत काय असते, हे तो माणूस सुटल्यावर कळतं. तुमच्या मुलाला हे शब्दांत सांगून पटणार नाही, पण पडद्यावर बघितलं की पटेल.

त्या वर्षी हरलेल्या संघातून वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडला गेला, आणि तो हाच ५ नंबर. कारकिर्दीत त्याला ऑल-स्टारचा, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवडीचा, मान पाच वेळा मिळाला.

२०१७ ची फायनल तर अजून बघवत नाही, तरी दाखवा. डब्लिन १-१७, मेयो १-१६. या वेळी कीगनकडे किअरन किल्केनी होता, डब्लिनच्या सगळ्या चाली ज्याच्या हातून जात तो. कीगनने त्याला फारसं काही करू दिलं नाही आणि दुसऱ्या हाफमध्ये वर येऊन पुन्हा गोल केला. सलग दुसऱ्या फायनलमध्ये बचावपटूचा गोल! शेवटी बरोबरी असताना डब्लिनच्या डीन रॉकला फ्री, म्हणजे फाउलबद्दलची मोकळी किक, मिळाली. तो मारणार तेवढ्यात कीगनने पाठीवरच्या पट्ट्यातून जीपीएसचं यंत्र काढून त्याच्या दिशेने फेकलं. रॉक विचलित झाला नाही, चेंडू दांड्यांमधून वर गेला. हे चुकलंच, आणि मी माझ्या मुलांना तेव्हाच तसं सांगितलं. तुम्हीही सांगा, लपवू नका. पण त्याच्या पुढचं दृश्यही दाखवा: मेयोचा गोलरक्षक चेंडू परत खेळात आणत असताना किल्केनीने कीगनला कवळ घालून जमिनीवर पाडलं आणि काळं कार्ड पत्करलं. फॉरवर्डने बचावपटूला धरून ठेवलं, कारण हा मोकळा सुटला तर बरोबरी करेल ही भीती. बचावपटूला याहून मोठी पावती मी तरी बघितलेली नाही.

पुढे पाय तेवढे पळेनात तेव्हा तो आणखी मागच्या फळीत गेला आणि तिथेही तितकाच चिवट निघाला. ऑगस्ट २०२१ च्या उपांत्य फेरीत मेयोने डब्लिनला जादा वेळेत हरवलं, डब्लिनची चॅम्पियनशिपमधली ४५ सामन्यांची अपराजित मालिका तिथे संपली. फायनल मात्र टायरोनने नेली. आणि २०२२ मध्ये वेस्टपोर्ट क्लबने इतिहासात पहिल्यांदा मेयोतल्या क्लबांचं सीनियर विजेतेपद जिंकलं, त्या संघात कीगन होता. लहानपणापासूनच्या क्लबासाठी मिळालेलं ते पदक मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात गोड वाटतं.

आता तुमच्या घरचं. क्लब बदलू नका. शेजारपाजारची, शाळेतली पोरं तिथेच असतात आणि या खेळात तीच आयुष्यभर सोबत राहतात. पण कोचशी जरूर बोला. या वयोगटाचे सामने 'गो गेम्स' पद्धतीने होतात, त्यात निकालापेक्षा सगळ्या मुलांना खेळायला मिळणं महत्त्वाचं धरलं जातं. जागा बदलून खेळवा असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कोचही बहुतेक कोणाचे तरी आई-बाबाच असतात, भांडणाच्या सुरात न बोलता सराव संपल्यावर जाळ्या उचलायला मदत करता करता विचारा.

आणि घरी एक करा. चेंडू तुम्ही हातात घ्या आणि त्याला तो पाडायला सांगा. धरायचं नाही, ओढायचं नाही. नियमाप्रमाणे उघड्या तळव्याने चेंडूवर मारायचं, तेही तुमच्या जवळच्या बाजूच्या हाताने. लांबचा हात घातला की अंग वळतं आणि फाउल होतो. पाय हलते ठेवायचे, नजर चेंडूवर. तुम्ही दर चार पावलांनी चेंडू आपटणार किंवा पायाच्या चवड्यावरून परत हातात घेणार, नेमका तोच क्षण त्याने गाठायचा. रोज मागच्या अंगणात दहा मिनिटं पुरे. चार-पाच दिवसांत तुमच्या हातातून चेंडू सटकेल, तेव्हा त्याचा चेहरा बघा आणि मग मला इथे कळवा.