चांदमारीतलं शिसं विकत घेतलं, आता पोलिसांची नोटीस आली

प्रश्न : कोकण किनाऱ्यावरच्या गावात माझा मासेमारीच्या जाळ्यांना लावायच्या शिशाच्या गोळ्या ओतण्याचा छोटा धंदा आहे. घरामागच्या पडवीतच कढई आणि साचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी ओळखीच्या एका मुलाकडून ३५ किलो शिसं ११० रुपये किलोनं रोखीत घेतलं. पोलिसांच्या चांदमारीच्या, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या, मैदानात गोळ्या ज्या मातीच्या बांधात रुततात, त्यातून तो ते उकरून आणतो. ‘तिथल्या हवालदाराला चहापाण्याचे देतो, कुणाची हरकत नाही,’ असं तो म्हणाला होता. आता तो पकडला गेला, त्यानं माझं नाव सांगितलं आणि मला हजर राहण्याची नोटीस आली. माझ्याकडे अजून बारा किलो शिसं आणि गोणीच्या तळाशी पाच-सहा पितळी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी टरफलं) आहेत. बंदुकीतून मारून झालेल्या गोळ्या टाकाऊच ना? उरलेलं वितळवून टाकू का? शिवाय एक खासगी शूटिंग क्लब त्यांचा बांध साफ करून शिसं घेऊन जा म्हणतोय. घेऊ का?

उत्तर : आधी तातडीचं. उरलेलं शिसं वितळवू नका, पुंगळ्या खाडीत फेकू नका आणि त्या मुलाच्या नावानं मागच्या तारखेची पावती तर मुळीच करू नका. आज तुमच्यावर फार तर चोरीचा माल घेतल्याचा संशय आहे. वरचं काहीही केलंत, तर पुरावा नष्ट केल्याचं (भारतीय न्याय संहिता, कलम २३८) किंवा बनावट दस्त केल्याचं दुसरं, आणि सिद्ध करायला जास्त सोपं प्रकरण तुम्ही स्वतःच्या हातानं उभं कराल.

‘टाकाऊच ना’ हा मुद्दा मोहात पाडणारा आहे, पण त्यावर विसंबू नका. चोरीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातली लागते. भर रस्त्यात पडलेली, कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलली तर ती चोरी नव्हे, हे उदाहरण कायद्यातच आहे. पण तिथेही लगेच पुढे म्हटलंय की हा अपहार ठरू शकतो. आणि चांदमारीचा बांध म्हणजे रस्ता नाही. मैदान सरकारचं, तिथे पहारा सरकारचा, आणि बांधात रुतलेलं शिसं खातं रीतसर लिलावात विकू शकतं. ते मातीत होतं म्हणूनही सुटका नाही. जमिनीपासून वेगळं केलं की त्याची चोरी होऊ शकते.

तुमचा खरा प्रश्न न्याय संहितेच्या कलम ३१७(२) चा आहे : माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ३८५० रुपयांचा तर व्यवहार, असं मनात येईल. पाच हजारांखालच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली तर समाजसेवेची शिक्षा आहे खरी. पण ती सवलत चोरी करणाऱ्याला, माल घेणाऱ्याला नाही. मला स्वतःला हे उफराटं वाटतं, पण कलम तसं आहे.

आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात घातक वाक्य. हवालदाराला चहापाण्याचे देतो, हे तुम्ही संमतीचा पुरावा म्हणून लिहिलंय. वाचणारा त्यातून नेमकं उलटं वाचतो : पैसे चारावे लागतात म्हणजे परवानगी नाही, आणि हे तुम्हाला खरेदीच्या वेळीच कळलं होतं. सरकारी मालाला संमती द्यायचा अधिकार हवालदाराला नसतो. वर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, म्हणजे तो मुलगा आणखी खोलात जातो. खोटं बोला असं मी सांगत नाही. पण हे वाक्य कुठे, कधी आणि कुणासमोर बोलायचं, हे वकिलाशी बसल्याशिवाय ठरवू नका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही. संविधानाचं कलम २०(३) त्यासाठीच आहे.

नोटिशीवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम ३५(३) असेल तर नेमल्या तारखेला हजर राहाच. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहून ठेवावी लागतात. तरी अटकेची धास्ती असेल तर जाण्याआधीच सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. त्या मुलानं पोलिसांपुढे तुमचं नाव घेतलं, एवढ्यावर तुम्ही दोषी ठरत नाही. मात्र ‘चला, दाखवतो’ म्हणून तुम्ही माल काढून दिलात, तर त्या कथनातला माल सापडण्यापुरता भाग तुमच्याविरुद्ध पुराव्यात येतो. म्हणून बारा किलो शिसं वकिलामार्फत, लेखी पत्र देऊन हजर करा. जप्ती पंचनाम्याचं चित्रीकरण करणं आता कायद्यानं बंधनकारक आहे. ते होतंय ना, याकडे लक्ष ठेवा.

शिशापेक्षा मला त्या पुंगळ्यांची काळजी जास्त आहे. सरावाला काडतुसं मोजून देतात आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतात. बांधातलं शिसं कुणी मोजत नाही, पुंगळीचा हिशोब मात्र वहीत असतो. नुसत्या रिकाम्या पुंगळ्यांपुरता शस्त्र कायद्याच्या कलम ४५(ड) चा आधार घेता येतो : जोडीच्या दुसऱ्या भागांसह वापरायचा हेतू नसलेले दारूगोळ्याचे किरकोळ भाग त्या कायद्यातून वगळलेले आहेत. पण त्यात एखादं जिवंत काडतूस निघालं तर प्रकरण पालटतं. टोकाला गोळी तशीच बसलेली असेल तर ते जिवंत समजा, हात लावू नका, वकिलामार्फत त्याच दिवशी पोलिसांना कळवा. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात सांगितलं आहे. आता हे वाचल्यावर ‘मला ठाऊकच नव्हतं’ म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही. आणि असं काडतूस कढईत पडलं तर काय होईल, ते सांगायला वकील नको. (चांदमारीवर निदान बंदुकीच्याच गोळ्या असतात. तोफांच्या सराव क्षेत्रात भंगार वेचताना न फुटलेला गोळा फुटून माणसं गेली आहेत.)

क्लबचं काम तत्त्वतः कायदेशीर होऊ शकतं. जमीन भाडेपट्ट्यावर असेल तर पट्टा वाचा. बांधातल्या मालावर मूळ मालकाचा हक्क राखलेला असू शकतो. समितीचा ठराव, लेखी करार, वजनाची चिठ्ठी, पैसे बँकेतून. जिवंत काडतूस निघाल्यास काम थांबवून ते क्लबच्या परवानाधारकाच्या हवाली करायचं, हेही करारात हवं.

अडचण आहे ती तुमच्या पडवीची. शिशाचं भंगार २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतं. ते वितळवायला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि प्राधिकारपत्र (असा कचरा हाताळायची परवानगी) लागतं, आणि घरामागच्या कढईला ते मिळणार नाही. पर्यावरण कायद्याखालचा दंड आता १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आहे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, गोळीवरचं तांब्याचं टरफल तसंच वर तरंगतं. तुम्ही ते मळीबरोबर पळीनं काढून कुठे टाकता? त्या मळीतलं शिसं अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या पोटात जातं. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, खटल्याचं काहीही होवो.

तेव्हा क्लबला सांगा की माल प्राधिकारपत्र असलेल्या कारखान्याला थेट विकावा. तुम्ही फक्त बांध उकरून चाळण्याची मजुरी घ्या, तीही तोंडाला मास्क लावून. जाळ्यांच्या गोळ्या त्याच कारखान्याकडून तयार ओतून, बिलासकट घ्या. नफा कमी होईल, पण पुढच्या वेळी माल कुठून आला असं कुणी विचारलं तर दाखवायला कागद असेल.