संवर्धन नको, राखण म्हणा

एका वाचकाचा प्रश्न असा: 'आमच्या चर्चच्या पत्रकात "मंडळीने सृष्टीचे संवर्धन करावे" असे छापले आहे. "मंडळीने" बरोबर की "मंडळींनी"? आणि संवर्धनाऐवजी जतन म्हणावे का?'

जमलेल्या माणसांविषयी बोलताना 'मंडळींनी'. ख्रिस्ती मंडळी हा एक समुदाय, एक संस्था धरली की 'मंडळीने'. पत्रकातले रूप बरोबर आहे.

खटकतो तो 'संवर्धन'. झाडे लावण्याच्या प्रत्येक फलकावर हा शब्द वाचून मी वैतागलो आहे. त्याच्या मुळाशी 'वृध्' म्हणजे वाढणे. मत्स्यसंवर्धन, पशुसंवर्धन ठीक, तिथे पैदास वाढवायचीच असते. डोंगराचे काय वाढवणार? 'जतन' त्यापेक्षा बरा. तो 'यत्न'चाच घासलेला अवतार. पण जतन आपण जुन्या पत्रांचेही करतो, पेटीत ठेवून. सृष्टी पेटीत ठेवता येत नाही. तिच्यावर जगत जगतच ती सांभाळायची असते.

आणि मंडळीने शब्द बाहेर शोधावाच कशाला? बायबलच्या पहिल्या पुस्तकातले, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातले पंधरावे वचन उघडा. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवले ते तिची 'मशागत व राखण' करायला. किती नेमकी जोडी आहे ही! 'मशागत' हा अरबी 'मशक्कत'चा मराठी अवतार: कष्ट, मेहनत. परका म्हणून त्याला नाके मुरडणाऱ्या शुद्धिवाद्यांनी शेतकऱ्याच्या तोंडचा अर्थ एकदा ऐकावा. पूर्वमशागत पेरणीच्या आधी, आंतरमशागत पीक उभे असताना. काढणी-मळणीला कोणी मशागत म्हणत नाही. म्हणजे या शब्दात जमिनीला देणे आहे, तिच्याकडून घेणे नाही. मराठी बायबलात हा शब्द आला तेव्हाच पर्यावरणाची अर्धी शिकवण मराठीत आली, असे माझे ठाम मत आहे.

मूळ हिब्रूत इथे 'आवाद' आहे. त्याचा अर्थ राबणे, सेवा करणे. अरबीतले 'अब्द' आणि 'इबादत' त्याचेच भाऊबंद. दुसरे क्रियापद 'शामार', म्हणजे राखणे. हीच जोडी बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लेव्यांच्या, म्हणजे उपासनेच्या सेवेला नेमलेल्या वंशाच्या, निवासमंडपातल्या (उपासनेच्या तंबूतल्या) सेवेसाठी येते. बागेतले काम आणि पवित्रस्थानातले काम, शब्द तेच! भावाचा खून केलेला काइन देवाला विचारतो, मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय, तिथेही 'शामार'च. मराठीने 'राखणदार' ठेवून तो धागा जपला. 'संवर्धक' घातला असता तर तो तिथेच तुटला असता.

म्हणूनच लिन व्हाइट या इतिहासकाराशी माझे पटत नाही. 1967 साली त्यांनी पर्यावरणाच्या संकटाचे खापर बरेचसे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर फोडले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला प्राण्यांवर दिलेली 'सत्ता' त्यांनी धरली, दुसऱ्यातला प्राण्यांना नावे देण्याचा प्रसंगही घेतला, पण त्याच्या चारच वचने आधीची मशागत आणि राखण सोडून दिली. शब्दांवरून एखाद्या परंपरेला दोष द्यायचा तर सगळे शब्द वाचायला हवेत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात नेमके हेच वचन पुढे आणले, तेव्हा मला फार बरे वाटले.

राखणीचा अर्थ डोळ्यांनी पाहायचा तर इथिओपियाच्या उत्तरेकडचे डोंगराळ मुलूख पाहावेत. भोवतालचे रान शेती आणि चराईत गेले, पण ऑर्थडॉक्स चर्चभोवतीची वनराई तेवढी उभी राहिली. तिच्यातही गुरे शिरून रोपे तुडवत होती, म्हणून कित्येक ठिकाणी मंडळीने दगडी कुंपण घातले. दगड आले आसपासच्या शेतांतून. शेतातला दगड वेचला की नांगर सुखाने चालतो. तोच दगड कुंपणात बसला की आतले रोप वाचते.

तेव्हा पुढच्या पत्रकात 'मंडळीने सृष्टीची राखण करावी' असे छापा. जागा असेल तर 'मशागत'ही घाला.