पोटखराबा, चालू पड आणि देशाचा चौदा कोटींचा आकडा

राम राम. गेल्या पंधरवड्यात इंदापूरच्या पश्चिम भागातल्या शेतीशाळांमध्ये तीन प्रश्न आले. तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

प्रश्न १: साहेब, देशातलं पेरणीखालचं क्षेत्र पन्नास वर्षं चौदा कोटी हेक्टरवर थांबलंय म्हणता. आमच्या हायवेलगत तर दरवर्षी प्लॉटिंग होतंय. मग आकडा हलत कसा नाही?

आकडा बरोबर आहे आणि तुम्ही डोळ्यांनी बघताय तेही बरोबर आहे. १९५०-५१ साली देशात निव्वळ पेरणी क्षेत्र ११.८७ कोटी हेक्टर होतं. पुढच्या वीस वर्षांत ते १४ कोटींवर गेलं. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतलं हिवतापाचं जंगल डीडीटी फवारून राहण्याजोगं केलं आणि तिथे फाळणीत आलेली कुटुंबं वसवली. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेली जमीन केंद्राच्या ट्रॅक्टरांनी खोल नांगरून मोकळी केली. १९७० नंतर मात्र आकडा तिथेच घुटमळतोय.

१९५०-५१ पासून बिगरशेती वापराखालची जमीन ९४ लाख हेक्टरवरून २.७ कोटींच्या आसपास गेली. रस्ते, गावठाणं, कालवे, धरणांचं बुडीत, कारखाने सगळं त्यात आलं. आपल्या उजनी धरणाखाली गेलेली भीमाकाठची काळी जमीन आठवा. ती पेरणीच्या रकान्यातून गेली आणि आकडा भरून निघाला तो पडीक, माळ आणि गायरानं नांगरून. म्हणजे एका बाजूने कसदार जमीन गेली, दुसऱ्या बाजूने मुरमाड आली. बेरीज तीच, पण मळ्याचा एकर आणि माळाचा एकर एकाच भावाने मोजल्यासारखं झालं. देशातली कायम कुरणं आणि चराऊ जमीन १९६०-६१ मध्ये सुमारे १.४ कोटी हेक्टर होती, आता ती एक कोटीच्या घरात आहे. शेळ्या-मेंढ्यांवर प्रपंच असणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

मग धान्य वाढलं कसं? तेच रान वर्षात दोनदा पेरून. निव्वळ क्षेत्रात एक रान एकदाच धरतात. दुबार धरून येणारं एकूण क्षेत्र १९५०-५१ च्या १३.१९ कोटींवरून २०१४-१५ पर्यंत १९.८ कोटींवर गेलं, आणि त्यामागे पाणी आहे. निव्वळ ओलीत २.०९ कोटींवरून ६.८ कोटींवर गेलं.

जंगलाच्या रकान्याबाबत एक सावधगिरी. तो चार कोटींवरून सात कोटींपुढे गेलेला दिसतो, म्हणून तेवढी झाडं वाढली असं धरू नका. संस्थानं आणि जमीनदाऱ्या गेल्यावर बरीच जमीन नोंदीत ‘वन’ म्हणून चढली. तिथे आज झाड असेलच असं नाही.

आपल्या तालुक्याची गंमत सांगतो. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी इथेच मोजणीला आले. त्याआधीचा शेतसारा इतका जड होता की लोकांनी कसती रानं टाकून दिली होती. या दोघांनी मातीचा रंग आणि खोली बघून आण्यांत (सोळा आणे म्हणजे सर्वांत चांगली) प्रत ठरवली, सारा उतरवला, तीस वर्षांसाठी बांधून दिला. पड जमीन पुन्हा औताखाली आली. रान पड का पडलं हे विचारताना नुसती माती बघू नये, हे मी इथल्याच इतिहासातून शिकलो.

प्रश्न २: सातबाऱ्यावर ३० गुंठे पोटखराबा आहे. जेसीबी लावून सपाट केला. लागवडीलायक क्षेत्रात लावून घेता येईल का?

कागदाचं आधी. पोटखराबा म्हणजे गटातला लागवडीलायक नाही म्हणून वेगळा धरलेला तुकडा. पोटखराबा वर्ग ‘अ’ असेल, म्हणजे खडकाळ, घळीचा, शेतीला अयोग्य म्हणून सोडलेला, तर २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर तो लागवडीखाली आणल्याची नोंद होऊ शकते. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्या. स्थळपाहणी होईल, नोंद झाल्यावर आकारणीही बसेल. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणवठा असं सार्वजनिक कामाचं. तो तसाच राहतो, त्यासाठी हेलपाटे घालू नका.

आता मातीचं. या काकांच्या रानात मी स्वतः गेलो होतो. वरून रान छान दिसत होतं, तवा घासून ठेवावा तसं. पहार मारली तर वीतभर जाऊन टणकन वाजली. जेसीबीने वरची होती नव्हती ती माती उताराच्या कोपऱ्यात ढकलली होती आणि वर आला होता पांढरट मुरूम. काकांना त्यात मका करायचा होता. मी म्हणालो, बी विकत घेण्याआधी तो कोपरा उकरून माती परत पसरा.

वीतभर मातीत मका किंवा ऊस धरू नका. पाणी वर ठरणार नाही, खत खाली जाईल, आणि दोन वर्षांत रान पुन्हा पड पडेल. यात सीताफळ घ्या: ५ बाय ५ मीटरवर खड्डे, तीस गुंठ्यांत साधारण १२० झाडं बसतील. खड्ड्यात पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरा, तळाला मुरूम फोडून घ्या. मधल्या जागेत मारवेल किंवा स्टायलोसारखा चारा, बांधाला शेवरी. तलावाचा गाळ मिळाला तर माती तपासूनच टाका, चोपण (क्षाराचा, घट्ट बसणारा) गाळ आणून रान बसवून घेतलेले दोघे जण माझ्या पाहण्यात आहेत.

पोटखराब्यातून पावसाचा ओहोळ जात असेल तर तो बुजवू नका. खालच्या शेतकऱ्याशी भांडण होईल ते वेगळंच. आणि शेजारचं गायरान ‘रिकामं’ दिसतं म्हणून तिकडे नांगर वळवू नका. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा चरतो तो त्या ‘रिकाम्या’ गवतावरच.

प्रश्न ३: मुलगा पुण्यात, मला होत नाही. दोन एकर चार वर्षं पड आहे. पीक पाहणीत काय लावू? सरकार जमीन घेईल का?

ताई, पीक पाहणीत पड लावली म्हणून जमिनीची मालकी कोणी नेत नाही. पण न केलेल्या पिकाची नोंदही करू नका. शेजारी ‘सोयाबीन टाकून द्या’ म्हणतात, ते ऐकू नका.

देशाच्या हिशेबात याच वर्षी पडलेलं रान ‘चालू पड’. वर्ष उलटलं की ‘इतर पड’. आणि सलग पाच वर्षं झाली की ‘लागवडयोग्य पडीक’. तुमचं रान पाचव्या वर्षाच्या उंबऱ्यावर आहे. तुमच्या गाव नमुना बारावरून तालुका, जिल्हा, पुणे असं करत दिल्लीचा आकडा बनतो. तुम्ही सोयाबीन लावलंत तर वर कोणाला कळणारच नाही की माणसं नाहीत म्हणून रानं पडतायत.

या खरिपात पूर्ण दोन एकर जमलं नाही तरी अर्ध्या एकरात मटकी किंवा हुलगा फेकून बघा, वाट्याने द्यायचं असेल तर लेखी करा. उरलेल्याची पड म्हणूनच नोंद. ई-पीक पाहणीचा फोटो रानात उभं राहूनच घ्यावा लागतो, मुलाला पुण्यातून करता येणार नाही. मोबाइल जमत नसेल तर मंगळवारी मी गावात आहे, चावडीवर या, आपण दोघं रानात जाऊन करू.