मिठाची पुडी, आईची मिश्री आणि गावातलं शिबिर

मी आशा कार्यकर्ती आहे. बैठकीत ‘मीठ कमी खा’ सांगितलं की बायका माना डोलावतात, पण घरी काही बदलत नाही. काय करावं?

ताई, ‘कमी’ म्हणजे किती, हे कुणालाच कळत नाही. घरातलं मीठ मोजायला शिकवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. पाच माणसांच्या घरात एक किलोची पुडी निदान 40 दिवस पुरायला हवी. लोणचं, पापड, फरसाण विकतचं असेल तर त्याहूनही जास्त दिवस. पुडी फोडली की त्यावर पेनाने तारीख लिहायला सांगा आणि पुढच्या बैठकीत फक्त विचारा, ‘कधी संपली?’ पंधरा-वीस दिवसांत संपली असेल, तर बाई स्वतःच शोधायला लागते: भाताच्या पाण्यात, भाकरीच्या पिठात, खर्ड्यात, ताटाच्या कडेला.

आणि एकट्या सुनेला सांगू नका. भाजी अळणी झाली की बोलणी तिला बसतात. सासूबाईंना आणि घरच्या पुरुषांना समोर बसवून बोला. मीठ एकदम अर्धं न करता थोडं थोडं उतरवा, काही आठवड्यांत जिभेला सवय होते. सैंधव वापरतो म्हणून चालतं, असं कुणी म्हणालं तर स्पष्ट सांगा: तेही मीठच.

आई कित्येक वर्षं मिश्री लावते. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणते. रागावलं तर लपून लावते.

रागावणं आधी थांबवा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, म्हणून तलफ येते. हा त्यांचा हट्ट नाही, व्यसन आहे. आज उजेडात त्यांचं तोंड बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यांतलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या. सोडायची तयारी झाली की 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन लावून द्या, तो मोफत आहे. सकाळच्या तलफेला कोमट पाणी आणि साधी टूथपेस्ट हाताशी ठेवा. पहिले काही दिवस चिडचिड होईल, तेव्हा घरच्यांनी सांभाळून घ्यावं.

वडिलांचं बीपी गोळीने नॉर्मल आलं, म्हणून त्यांनी गोळी बंद केली. चालेल?

नाही. गोळी चालू होती म्हणूनच ते नॉर्मल आलं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नका. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च आड येत असेल तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तिथे त्या मोफत मिळतात.

आमचं मंडळ गणेशोत्सवात बीपी-शुगरचं शिबिर घेणार आहे. काय काळजी घ्यावी?

शिबिराच्या दुसऱ्या दिवसाची. ज्याचं बीपी 160 निघालं, तो उद्या कुठे जाणार? तारीख ठरवण्याआधी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी हे त्यांचंच काम आहे. बीपी-शुगर जास्त निघालेल्यांची यादी त्यांच्याकडे आणि आशाताईंकडे गेलीच पाहिजे.

नगर जिल्ह्यातल्या जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने गावातल्याच बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं. त्यांतल्या कित्येक जणी निरक्षर होत्या. पण त्या त्याच गल्लीत राहत, पुन्हा पुन्हा दारात जात, म्हणून लोकांनी त्यांचं ऐकलं. तुमच्या मंडळातल्या पोरांनीही घरं वाटून घ्यावीत आणि महिन्याने विचारून यावं, ‘काका, गोळी चालू आहे ना?’ मंडपाच्या खर्चातून थोडे पैसे वाचवून दंडाला पट्टा लावायचं एक चांगलं बीपी मशीन घेतलंत, तर ते वर्षभर उपयोगी पडेल.